नाव नसलेली वार्ता

'निवेदन' हा शब्द आपण कचेरीतील अर्जासाठी आणि नभोवाणीवरील बोलण्यासाठी सारख्याच सहजपणे वापरतो. 'नैवेद्य' हा शब्द त्याच्याच घरचा, हे मात्र सहसा आपल्या ध्यानात येत नाही. नैवेद्य दाखविणाऱ्याने तो आधी चाखावयाचा नसतो. दुसऱ्याने रांधलेले तिसऱ्यापुढे ठेवावे आणि हात जोडून बाजूस व्हावे, एवढेच त्याचे काम. वृत्तनिवेदकाचा धर्मही असाच सांगितला जातो. वार्ता त्याच्या मुखातून जावी, पण त्याच्या जिभेला तिची चव लागू नये. जगातले भूकंप, युद्धे, निवडणुका आणि अपघात त्याने एकाच पट्टीत सांगावे आणि शेवटी नमस्कार करून पडद्याआड व्हावे. हा धर्म मुळात कोठून आला, आणि रायपूरसारख्या आपल्या शहरी तो एका सकाळी कसा कसोटीस लागला, याची हकीकत येथे सांगावयाची आहे.

वृत्तपत्रांचे इतिहास आपल्याकडे पुष्कळ आहेत. वार्ता मोठ्याने सांगणाऱ्या माणसाकडे मात्र इतिहासकाराची दृष्टी क्वचितच वळते. हरकारे, जासूद, अखबारनवीस आणि गावोगाव दवंडी पिटणारे यांच्या पावलांवर मराठी राज्याचा कारभार चालला, पण त्यांची नावे दप्तरांतून शोधून काढावी लागतात. वार्ता राहते, सांगणारा पुसला जातो. मराठी माणसाच्या मनात कायमची रुतून बसलेली वार्ता म्हणजे पानिपतची. १४ जानेवारी १७६१ रोजी लढाई झाली. नानासाहेब पेशवे मदतीस निघून माळव्यात आले होते. तेथे सावकारी टपाल नेणारा एक जासूद त्यांच्या लोकांनी अडविला आणि त्याच्याजवळचे पत्र फोडले, असे ग्रँट डफने आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. त्या पत्रात कोणाचेही नाव नव्हते. मोती, मोहरा आणि चांदी-तांब्याचे नाणे अशा व्यापाऱ्याच्या भाषेत नुकसानीचा हिशेब तेवढा मांडलेला होता. मोती दोन. ते दोन मोती कोण, हे पेशव्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ यांची नावे त्यांनी स्वतःच त्या रिकाम्या जागी भरली. त्याच वर्षी जून महिन्यात पर्वतीवर त्यांचा अंत झाला.

या प्रसंगात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, वार्ता आणणारा आणि वार्तेने घायाळ होणारा अशी दोन माणसे तेथे होती. जासुदाचे पाय थकले असतील, पण पुत्रशोक त्याचा नव्हता. ही दोन माणसे वेगळी असावीत, या गृहीतावर वार्ता सांगण्याची सारी व्यवस्था पुढे उभी राहिली. ते गृहीत इतके स्वाभाविक वाटते की, ते गृहीत आहे याचाच आपल्याला विसर पडतो.

आता रायपूरकडे येऊ. छत्तीसगढात छापील पत्रकारितेचा पाया घातला तो मराठी घरातल्या माणसाने, ही येथील मराठी समाजाने अभिमानाने सांगावयाची गोष्ट आहे. माधवराव सप्रे यांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर आणि वामन बळीराम लाखे हे त्यांचे सोबती. मासिक तीन वर्षे चालले. पुढे नागपूरला 'हिंदी केसरी' काढल्यावर १९०८ साली सप्रे यांच्यावर राजद्रोहाचा खटला आला, आणि घरच्यांच्या आग्रहाने माफीपत्र देऊन सुटावे लागल्याचा सल त्यांना दीर्घकाळ छळीत राहिला. 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हिंदीत आणणाऱ्या या माणसाचे देहावसान १९२६ साली रायपुरातच झाले. येथे त्यांचे स्मरण करण्याचे कारण असे की, त्या काळी शब्दाच्या मागे माणूस उभा असे. छापले त्याची जबाबदारी संपादकाच्या शिरावर, शिक्षा त्याच्या देहाला आणि पश्चात्तापही त्याच्याच मनाला. तटस्थ राहण्याची कोणी त्याच्याकडून अपेक्षाही केली नाही.

नभोवाणी आली आणि हे सारे पालटले. कागदावरची बातमी दुसऱ्याने लिहावयाची आणि ती तिसऱ्याने वाचावयाची, अशी कामाची वाटणी झाली. वाचणाऱ्याला मत नाही, लेखणी नाही, फक्त कंठ. आरंभी तर त्याला नावही नव्हते. लंडनच्या बी.बी.सी.ने आपल्या वृत्तवाचकांना स्वतःचे नाव सांगावयास लावले ते १९४० साली, आणि तेही शत्रूने खोटा आवाज घुसविल्यास श्रोत्यांना तो ओळखता यावा म्हणून. म्हणजे निवेदकाला नाव मिळाले ते सुरक्षिततेच्या गरजेपोटी! आपल्याकडे मात्र श्रोत्यांनी त्या नावांवर माया केली. दिल्लीहून देवकीनंदन पांडे यांचा हिंदी आवाज आणि पुण्याहून प्रादेशिक बातम्या देणाऱ्या सुधा नरवणे यांचा मराठी आवाज ऐकून घराघरातून घड्याळे लावली जात. त्या आवाजांना घरे होती, आजारपणे होती, सुखदुःखे होती. पण ती श्रोत्यांच्या कानी कधी आली नाहीत, आणि येऊ नयेत अशीच रीत होती.

रायपूरचे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९६३ रोजी सुरू झाले. गंमत अशी की, या केंद्रावरून छत्तीसगढच्या खेड्यापाड्यांत जो आवाज सर्वांत अधिक पोहोचला, तो वृत्तवाचकाचा नव्हता. 'चौपाल' कार्यक्रमातील बरसाती भैया, म्हणजे केसरीप्रसाद बाजपेयी, हा तो आवाज. धानाची पेरणी, खते, पाऊसपाणी हे सारे ते छत्तीसगढीत, घरच्या ओटीवर बसल्यासारखे बोलत. शेतकऱ्याला ते आपले वाटले, कारण ते आपल्यासारखेच हसत आणि चिडत. एका अंगाला हा माणूस असलेला आवाज, तर दुसऱ्या अंगाला माणूसपण दाराबाहेर ठेवून आलेला वृत्तवाचकाचा आवाज. एकाच इमारतीत दोन धर्म सुखाने नांदत होते.

दूरचित्रवाणीने आवाजाला चेहरा दिला, आणि अडचण तेथूनच सुरू झाली असे मला वाटते. आवाज सांभाळणे एक वेळ जमते. डोळे सांभाळणे फार कठीण. दिल्लीत १९५९ साली प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले आणि १९६५ मध्ये दैनंदिन बातमीपत्र आले. प्रतिमा पुरी या त्यावरील पहिल्या वृत्तनिवेदिका म्हणून ओळखल्या जातात. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी उघडले आणि मराठी बातम्यांना चेहरे लाभले. भक्ती बर्वे, अनंत भावे, पुढे दीर्घकाळ प्रदीप भिडे. भिडे २०२२ साली निवर्तले, तेव्हा ज्यांनी त्यांना उभ्या आयुष्यात कधी प्रत्यक्ष पाहिले नव्हते, अशा कितीतरी घरांतून आपला शेजारी गेल्यासारखी हळहळ व्यक्त झाली. आणि याच केंद्रावर, शिक्षण चालू असतानाच, बातम्या वाचावयास आल्या स्मिता पाटील. जीन्सवरच साडी नेसून त्या कॅमेऱ्यापुढे बसत, अशी आठवण सर्वतोमुखी आहे. पडद्यावर दिसे तो अर्धा भाग शिस्तीचा, न दिसणारा अर्धा त्यांचा स्वतःचा. वृत्तनिवेदिकेच्या स्थितीचे याहून नेमके चित्र मला सुचत नाही.

स्मिता पाटील यांचा छत्तीसगढशी संबंध आला तो याच सुमारास. श्याम बेनेगल यांनी त्यांना बातम्या वाचताना पाहिले आणि १९७५ साली 'चरणदास चोर' या बालचित्रपटात राजघराण्यातील स्त्रीची भूमिका दिली. त्यातील नट हबीब तन्वीर यांच्या मंडळीतले, आणि तन्वीर तर मूळचे रायपूरचेच. या कथेतील चोराने खोटे न बोलण्याची शपथ घेतलेली असते आणि त्या शपथेपायीच त्याचा जीव जातो. वृत्तवाचनाच्या आसनावरून उठलेल्या तरुणीने पहिल्याच चित्रपटात अशा कथेत पाऊल टाकावे, हा योगायोग खरा, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

त्याच १९७५ सालच्या १ ऑगस्टला रायपूरच्या भोवतालच्या खेड्यांत दूरचित्रवाणी अवतरली. मोठमोठ्या शहरांना ती दिसण्यापूर्वी आमच्या खेड्यांनी ती पाहिली, ही विलक्षण गोष्ट आहे. अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने भारताने जो 'साइट' प्रयोग केला, त्यात सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावे होती. तेव्हाच्या मध्य प्रदेशातून रायपूरचा परिसर निवडला गेला. तारेच्या जाळीची, दहा फूट व्यासाची छत्री सार्वजनिक जागी उभारलेली, आणि संध्याकाळी पेटीपुढे सारा गाव मांडी घालून बसलेला! शेती, आरोग्य, मनोरंजन, आणि त्याबरोबर साऱ्या प्रदेशांसाठी एकत्रित असा हिंदी बातम्यांचा भाग. ज्यांच्या गावी वर्तमानपत्र क्वचितच पोहोचे, त्यांच्यासमोर बातमी एकदम माणसाच्या मुखाने आली. प्रयोग ३१ जुलै १९७६ रोजी संपला आणि उपग्रह अमेरिकेने परत घेतला. पुढल्या वर्षी, १९७७ मध्ये, रायपूरला दूरदर्शनचे केंद्र मिळाले ते या प्रयोगाचाच वारसा म्हणून.

जुन्या पद्धतीतील निवेदकाचा कस लागला तो ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी. पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्यावर सकाळी गोळ्या झाडल्या गेल्या. परदेशी नभोवाणीने मृत्यूची वार्ता दुपारीच दिली होती, पण आपल्या अधिकृत प्रसारणातून ती यावयास संध्याकाळ उलटली. दूरदर्शनवर ती वाचली सलमा सुलताना यांनी. केसांत गुलाब खोवणाऱ्या या निवेदिकेने देशाला ती बातमी सांगितली, त्याच्या आधी कित्येक तास ती कचेऱ्यांतून कागदावर फिरत होती. उपसंपादकाने ती लिहिली, वरिष्ठाने तपासली, कोणीतरी मंजुरी दिली आणि मग ती निवेदिकेच्या हाती आली. या विलंबाबद्दल त्या काळी टीका झाली आणि ती योग्यच होती. परंतु त्या विलंबाला एक दुसरी, कोणी न योजिलेली बाजू होती. वाचणाऱ्याला वाचण्यापूर्वी कळत असे. रडावयाचे असेल तर आधी रडून घेता येई. आसनावर बसणे अशक्य असेल, तर दुसऱ्याला बसविता येई.

खाजगी वाहिन्यांनी ही फट बुजविली. छत्तीसगढ राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी झाले. राजधानी झालेल्या रायपुरात पहिल्या दशकातच चोवीस तासांच्या बातम्यांचा व्यवहार फोफावला. निवेदकाच्या हातातला कागद गेला. कानात यंत्र आले, समोर सरकत्या ओळींचा पडदा आला, आणि दूरध्वनीवरून वार्ताहर थेट त्याच्याशी बोलू लागला. इंग्रजीत या पदाला 'अँकर' म्हणतात, म्हणजे नांगर. जहाज भरकटू नये म्हणून पाण्यात सोडतात तो. पूर्वीचा वाचक बातमी वाचत होता. हा नांगर ती प्रेक्षकांबरोबरच ऐकतो, तत्क्षणी प्रश्न विचारतो आणि पुढे चालतो. उपसंपादकाची चाळणी राहिली नाही. वार्ता आणि निवेदक यांच्यामध्ये असलेले ते दोन-चार घटकांचे अंतर नाहीसे झाले, आणि ते नाहीसे होणे हीच प्रगती मानली गेली.

अशा व्यवस्थेत सुप्रीत कौर काम करीत होत्या. त्या मूळच्या भिलाईच्या. १९५९ साली ज्या गावी पोलादाची पहिली झोतभट्टी पेटली आणि ज्याच्या सेक्टरांतून पंजाबी, मल्याळी, तेलुगू, बंगाली, मराठी अशी सर्व प्रांतांची कुटुंबे भिंतीला भिंत लावून राहिली, ते हे भिलाई. अशा गावात वाढलेल्या माणसाच्या हिंदीला कोणत्याही एका प्रांताचा हेल राहत नाही. वृत्तनिवेदनाला त्याहून चांगली शाळा नसेल. रायपूरच्या 'आय.बी.सी. २४' या वाहिनीत त्यांची सुमारे नऊ वर्षे गेली होती आणि त्या तेथील ठळक चेहऱ्यांपैकी एक होत्या. विवाह होऊन अद्याप दीड वर्षही झाले नव्हते.

८ एप्रिल २०१७, शनिवार. सकाळचे बातमीपत्र चालू होते. महासमुंद जिल्ह्यात पिथौरा येथे मोटारीला अपघात झाल्याची वार्ता आली, आणि त्यांनी वार्ताहराशी दूरध्वनीवरून थेट संवाद सुरू केला. वार्ताहराने सांगितले की, गाडी डस्टर जातीची होती, आत पाच जण होते आणि त्यांपैकी तिघे मरण पावले. मृतांची नावे त्याने सांगितली नाहीत. ती त्याच्यापाशी नव्हतीच. रायपूरहून आरंग, पिथौरा, सरायपालीकडे जाणारा तो महामार्ग. त्यांचे पती त्याच सकाळी, त्याच मार्गाने, तसल्याच गाडीतून, चौघा सोबत्यांसह निघालेले होते.

येथे मला ते माळव्यातील पत्र आठवते. नाव नाही, फक्त खुणा. गाडीची जात, रस्ता, माणसांची संख्या. रिकामी जागा ज्याची त्याने भरावयाची. फरक एवढाच की, पेशव्यांपुढे जासूद उभा होता, आणि येथे जासूद व पेशवे यांचे आसन एकच होते.

त्यांनी प्रश्न विचारले, उत्तरे ऐकली, प्रेक्षकांना सांगितली आणि बातमीपत्र पूर्ण केले. दालनाबाहेर आल्यावर त्यांनी नातेवाइकांना दूरध्वनी करण्यास आरंभ केला, आणि मग त्या कोसळल्या. पुढे त्या वाहिनीतील एका संपादकाने वृत्तपत्रांना जे सांगितले, ते मला या साऱ्या हकीकतीत सर्वांत अधिक बोचते. त्या बातमी देत असतानाच आतील सहकाऱ्यांना मृत्यूची खातरजमा झाली होती. पण त्यांना ते सांगण्याचे धैर्य कोणाला झाले नाही. रात्रंदिवस वार्ता सांगणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्या घरातच एक वार्ता कोणाच्याने सांगवेना. त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. किंबहुना, काचेच्या पलीकडे उभ्या राहिलेल्या त्या माणसांच्या मौनाइतके माणूसपण त्या सकाळी दुसऱ्या कशातही नव्हते.

मृतांची नावे आप्तांना कळण्यापूर्वी जाहीर करू नयेत, असा पत्रकारितेचा एक जुना दंडक आहे. घरच्या माणसाला हे दुःख परक्याच्या आवाजातून, चव्हाट्यावर कळू नये, हा त्यातील हेतू. त्या दिवशी दंडक अक्षरशः पाळला गेला. नाव उच्चारले गेले नाही. तरीही जे टाळावयाचे होते, नेमके तेच घडले. आणि आवाज परक्याचाही नव्हता, स्वतःचाच होता. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आप्त म्हणजे पेटीपुढे बसलेला श्रोता होता. पेटीच्या आत बसलेलाही कोणाचा तरी आप्त असतो, हे त्यांच्या कल्पनेत आले नाही.

नंतर स्तुती सुरू झाली. राज्याचे मुख्यमंत्री रमण सिंह यांनी त्यांच्या धैर्याचा गौरव केला. देशातल्या आणि परदेशांतल्या वृत्तपत्रांतून ती कहाणी छापली गेली. कर्तव्यनिष्ठेचे उदाहरण म्हणून ती व्याख्यानांतही येऊ लागली. धैर्य होते, यात शंका नाही. परंतु 'कर्तव्यासाठी शोक बाजूस सारला' हे वाक्य जेव्हा मी वाचतो, तेव्हा मनात येते की, त्या क्षणी त्यांनी दुसरे काय करावयाचे होते? उठून जावयाचे? आसन दुसऱ्याला देण्याची तजवीज कोठे होती? आणि उठून जाणे म्हणजे तर ते खरे असल्याचे मान्य करणे. जोवर वाचन चालू आहे, तोवर तो अपघात इतर अपघातांसारखाच एक. नऊ वर्षांच्या सवयीने वाक्ये आपोआप ओठांवर येत असतील, आणि बातमीपत्राचा तो ठरीव साचाच काही मिनिटांपुरता आधार झाला असेल. ही माझी अटकळ आहे, आणि दुसऱ्याच्या शोकाविषयी अटकळ बांधण्याचा अधिकार फार मर्यादित असतो, हेही मी जाणतो. परंतु ज्यांनी त्याला पराक्रम ठरविले, त्यांनीही अटकळच बांधली आहे.

सरकारी कचेरीत काम करणाऱ्याला या स्थितीची एक फिकट छाया ओळखीची असते. काल शेजारच्या मेजावर बसणारा माणूस जातो, आणि त्याच्या कुटुंबनिवृत्तिवेतनाची नस्ती आपल्याच पुढे येते. 'दिवंगत' हा शब्द त्याच्या नावामागे प्रथम आपण लिहावयाचा. ठरलेला नमुना, ठरलेले रकाने. हात लिहीत राहतो. कोणी त्याला धैर्य म्हणत नाही, आणि ते धैर्य नसतेही. पण तेथे निदान कागद मिटून खिडकीपाशी जाऊन उभे राहता येते. चहाला बाहेर पडता येते.

या घटनेनंतर ते चित्रण असंख्य लोकांनी पाहिले. ते पुन्हा पुन्हा लावून माणसे निवेदिकेच्या चेहऱ्यावर कंप शोधीत: कोणत्या शब्दाशी तिला कळले असेल, 'डस्टर' म्हणताना, की 'पिथौरा' म्हणताना? प्रदीप भिडे किंवा सलमा सुलताना यांच्या पिढीला ही परीक्षा द्यावी लागली नाही. त्यांचे बातमीपत्र एकदा हवेत विरले की विरले. आता निवेदकाचे मिनिट न मिनिट साठवून ठेवले जाते, आणि ज्याने आपले खाजगीपण दाराबाहेर ठेवावे अशी अपेक्षा, त्याचेच खाजगीपण लोक त्याच्या डोळ्यांत धुंडाळतात. शोधणाऱ्यांच्या हाती फारसे काही लागले नाही. आवाज अखेरपर्यंत स्थिर होता. ज्या दूरध्वनीतून पलीकडच्या वार्ताहराने रस्त्याच्या कडेला उभे राहून हे सारे सांगितले, त्यालाही, आपण ते कोणाला सांगत आहोत, याची कल्पना नव्हती.